अण्णांचा पाय आणि नाल्यातलं पाणी

अण्णांच्या पायाचं बँडेज सोडलं तेव्हा खोलीत द्राक्षांचा वास आला. पेटीच्या तळाशी राहून मऊ पडलेल्या द्राक्षांचा. आई म्हणाली, "बरंय बाई, जखमेला घाण वास तरी नाही." मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एका जिवाणूची प्लेट उघडली की असाच गोडसर वास येतो, हे मीच दरवर्षी मुलींना सांगते आणि नाशिकच्या मुली त्यावर हमखास हसतात. गॉजवर हिरवट निळा डाग उमटला होता. रिपोर्ट यायच्या आधीच मला कळलं होतं.

अण्णा रेल्वेत होते. इगतपुरीच्या घाटात लाइनवरून पायी चालत रूळ तपासायचे. उन्हापावसात, धुक्यात, हातोडा खांद्यावर टाकून. निवृत्त झाल्यावरही सकाळी स्टेशनपर्यंत चालत गेल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. घोटीच्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि उजव्या नडगीचे दोन तुकडे झाले. नाशिकच्या एका रुग्णालयात ऑपरेशन करून हाडात रॉड घातला आणि मी आई-अण्णांना गंगापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. दीड-दोन महिन्यांत चालतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. जखम मात्र मिटेना.

रिपोर्टमध्ये औषधांची नावं एकाखाली एक होती आणि जवळपास प्रत्येकापुढे एकच अक्षर होतं. म्हणजे या जिवाणूवर हे औषध चालत नाही. एक औषध उरलं होतं, जुनं, मूत्रपिंडांना जड जाणारं. डॉक्टर म्हणाले, "देऊन बघू. दुसरं माझ्याकडे काही नाही." त्या औषधाने जखम थोडी सुकली, पण अण्णांच्या अंगावर सूज आली, लघवी कमी झाली आणि ते थांबवावं लागलं. मग रॉड काढला, हाड खरवडलं, पायाला बाहेरून सळयांची चौकट बसवली. घरी आलो. बँडेज सोडलं. पुन्हा द्राक्षं.

त्या दिवशी मी बाथरूमचं दार लावून, नळ सोडून रडले. कारण नुसतं दुःख नव्हतं. या जिवाणूला मारणारी एक गोष्ट जगात आहे हे मला माहीत होतं आणि माझं सगळं संशोधन तिच्यावरच होतं.

जिवाणूंनाही विषाणू होतात. त्यांना फेज म्हणतात. फेज जिवाणूवर बसतो, आत शिरतो, आपली पिल्लावळ वाढवतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. माणसाच्या पेशीला तो हात लावत नाही. नदीत, गटारात, मातीत ते अफाट असतात. मी आणि माझ्या विद्यार्थिनी गोदावरीचं नि तिला मिळणाऱ्या नाल्यांचं पाणी आणून त्यातले फेज वेगळे काढायचो. त्यावर लेख लिहायचो, जे आमच्यासारखेच चार लोक वाचायचे. माणसाला बरं करण्याशी त्याचा कधी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं. परदेशात काही रुग्णांना फेज दिल्याचं वाचलं होतं, तेवढंच.

डॉक्टरांना विचारून मी रुग्णालयाच्या लॅबमधून अण्णांच्या जखमेतला जिवाणू मागून घेतला. घट्ट झाकणाच्या नळीत, नळी डब्यात, डबा पिशवीत. स्कूटी चालवताना तो पायाशी ठेवला होता. वडिलांच्या हाडात जे वाढत होतं ते माझ्या पायाशी हिंदकळत होतं.

विभागाच्या फ्रीजमध्ये साठवलेले सगळे फेज मी त्याच्यावर टाकून पाहिले. एकही चालला नाही. प्लेटवर जिवाणूची साय एकसंध, हिरवी, तुकतुकीत.

मग मी पाणी गोळा करायला निघाले. जिथे शत्रू दाट तिथेच त्याला खाणारा भेटतो, म्हणून जितकं घाण पाणी तितकं बरं. पुलाखाली उतरायचं, काठीला बांधलेली बाटली बुडवायची. एकदा वरून एक काका ओरडले, "ओ ताई, निर्माल्य नदीत टाकू नका, कलश ठेवलाय तिकडे!" मी बाटली उंच करून दाखवली. भरलेली बाटली घेऊन वर चढणारी बाई पाहून ते आणखीच गोंधळले.

पाणी गाळायचं, त्यात अण्णांचा जिवाणू वाढवायचा, पुन्हा बारीक गाळणीतून काढायचं आणि त्याचा थेंब सायीवर ठेवायचा. फेज असेल तर दुसऱ्या दिवशी तिथे साय विरघळून पारदर्शक भोक पडतं. दर सकाळी मी उबवणीच्या पेटीचं दार उघडायचे आणि प्लेट खिडकीच्या उजेडात धरायचे. काही नाही. पुन्हा पुलाखाली. पुन्हा काही नाही. वर्गात शिकवताना मध्येच मी थांबायचे, पुढचं वाक्य आठवायचं नाही.

शेवटी तपोवनाच्या पुढून आणलेल्या पाण्याने भोकं पाडली. स्वच्छ, गोल, खालचं टेबल दिसेल अशी. मी प्लेट हातात धरून विभागाच्या व्हरांड्यात आले आणि समोर आलेल्या पहिल्या माणसाला ती दाखवली. तो कॉलेजचा हिशेब तपासायला आलेला ऑडिटर होता. तो म्हणाला, "छान आहे, मॅडम."

आनंद दुपारपर्यंतच टिकला. नंतर नीट पाहिलं तर स्वच्छ भोकांच्या आत टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके उगवत होते. फेजला दाद न देणारे जिवाणू मागे राहिले होते नि वाढत होते. म्हणजे आणखी एक फेज हवा, ठिपक्यांनाही खाणारा. तो मिळेपर्यंत अण्णांचा पाय जखमेपासून खाली घोट्यापर्यंत लाल झाला होता. पण मिळाला. दोघांना एकत्र टाकलं तेव्हा प्लेट स्वच्छ राहिली. दुसऱ्या दिवशीही स्वच्छ.

मी प्लेटचे फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते भले माणूस. त्यांनी ओपीडी थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, प्लेटवर मरतं ते हाडात मरेलच असं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"आणि तुमच्या बाटलीत नुसते फेज नाहीत. फुटलेल्या जिवाणूंचं विष आहे. ते रक्तात गेलं तर? आधीच त्यांच्या किडन्या अशा."

"ते शुद्ध करता येतं."

"तुमच्या कॉलेजात येतं?"

येत नव्हतं. आमच्याकडे त्याची यंत्रसामग्री नव्हती आणि शुद्ध झालं की नाही हे तपासायची सोयही नव्हती.

"मी नाही म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले. "शुद्ध करून आणा, परवानग्या आणा, मी स्वतः देईन. पण नाल्यातलं पाणी मी पेशंटच्या पायात नाही घालणार. तुम्हीही घालू नका."

मी दिसेल त्याला मेल लिहिले. या विषयावर लेख लिहिणाऱ्या प्रत्येकाला. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी फोन केला. त्या म्हणाल्या, फेज आणि जिवाणू दोन्ही पाठवा, आम्ही शुद्ध करून तपासू, तोवर तुम्ही रुग्णालयाच्या नीतिसमितीकडे अर्ज करा. मी पाठवलं. अर्ज केला. समितीची बैठक पुढे गेली, मग आणखी पुढे. प्रयोगशाळेत गाळणीची एक नळी परदेशातून यायची होती. कोणी टाळत नव्हतं, कोणी वाईट नव्हतं. सगळे आपापल्या वेगाने चालले होते आणि घरात पाय आता जखमेच्या वरही लाल होत चालला होता.

आईला मी सगळं सांगितलं होतं, तीच चूक म्हणायची तर. एका सकाळी पोळ्या लाटताना लाटणं थांबवून ती म्हणाली, "एवढी वर्षं त्या बाटल्यांशी खेळलीस. आता सापडलंय म्हणतेस आणि बापाच्या पायाला लावायचं नाही म्हणतेस. मग शिकलीस कशाला?"

"आई, त्यात विष आहे."

"मग आता काय अमृत वाहतंय त्या पायातून?"

मी डबा भरून कॉलेजला गेले. येताना बर्फाच्या थर्मासमध्ये दोन्ही फेजची एक छोटी बाटली घेऊन आले. का आणली हे मी स्वतःलाही नीट विचारलं नाही.

दुपारची वेळ होती. आई भाजी आणायला गेली होती. ड्रेसिंग मीच करायचे. मी हात धुतले, हातमोजे घातले, सळयांच्या मधून गॉज काढलं. अण्णा छताकडे बघत होते.

"आनलंस का ते?" त्यांनी विचारलं.

आईने त्यांना सांगितलं होतं तर. मी मान हलवली.

"मग घाल."

"अण्णा, त्याने ताप येऊ शकतो. किडनी बंद पडू शकते. जीवही जाऊ शकतो."

"आन् नाय घातलं तर?"

"पाय जाऊ शकतो."

खाली भंगारवाला ओरडत गेला. मग अण्णा म्हणाले, "पोरी, घाटात लय मानसं पाह्यली म्या पाय गेलेली. रुळावर. तसं जगायचं नाय मला. तू घाल. मी सांगतोय, तुझ्यावर बोल नाय यायचा."

मी थर्मासचं झाकण उघडलं. बाटली हातात घेतली. सिरिंजमध्ये थोडं द्रव ओढलं. ते पाण्यासारखंच दिसतं, किंचित पिवळसर. जखमेच्या तोंडाशी सुई नसलेली सिरिंज नेली. अण्णांनी डोळे मिटले होते, चेहरा अगदी शांत, पोराने औषधाला तोंड उघडावं तसा. मूत्रपिंडं बिघडल्याने सुजलेल्या त्यांच्या पोटरीवर, गॉज काढताना माझ्याच बोटाने पडलेला खळगा अजून भरला नव्हता. तो मला दिसला.

मी सिरिंज मागे घेतली.

"नाही अण्णा. माझ्याच्याने नाही होणार."

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी सलाइनने जखम धुतली, नवं गॉज ठेवलं, बँडेज बांधलं. त्यानंतर किती तरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी आईला सांगायचे, "तिला म्हनावं पानी दे."

ताप आलाच, माझ्या बाटलीवाचून आला. थंडी वाजून दात वाजायला लागले, रक्तदाब उतरला, बोलणं असंबद्ध झालं. ते पावसाळ्यातल्या लाइनवर होते, कुणाला तरी गाडी थांबवायला सांगत होते. अॅम्ब्युलन्समध्ये आई त्यांचा हात धरून बसली होती आणि माझ्याकडे एकदाही पाहत नव्हती. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. "आता पाय की माणूस, एवढाच प्रश्न आहे," ते म्हणाले. संमतीची सही मी केली. आईने करायला नकार दिला.

गुडघ्याच्या खालून पाय गेला. अण्णा वाचले.

ते अजून वॉर्डात असतानाच त्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. दोन्ही फेज शुद्ध झाले होते, विषाची पातळी सुरक्षित होती, रॉडवर जमतो तसल्या चिकट थरातसुद्धा त्यांनी जिवाणू मारले होते. "फार छान निघालेत तुमचे फेज," त्या म्हणाल्या. "समितीचं पत्र आलं की लगेच पाठवते." मी जिन्याच्या पायरीवर बसले. पाय गेला हे त्यांना सांगायला मला शब्द जुळवावे लागले. त्या हळूच म्हणाल्या, "मी आधी फोन करायला हवा होता का?" मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अण्णा आता माझ्याकडेच असतात. इगतपुरीच्या घराला पायऱ्या फार. कृत्रिम पाय मिळालाय, पण तो ते क्वचित लावतात. बोलतात माझ्याशी. पहिल्यांदा बोलले तेव्हा पहाटेचा चहा मी त्यांच्यापुढे ठेवला होता. ते म्हणाले, "नसलेला अंगठा लय दुखतोय. तुझं औषध तिथं चालंल का?" थट्टा होती की राग, मला आजही कळलेलं नाही. मी तिथेच उभी राहिले. त्यांनीच मग बशी पुढे केली, ओत म्हणाले.

मी सिरिंज मागे घेतली ते बरोबर होतं, असं डॉक्टर म्हणतात. त्या बाईही म्हणतात. शास्त्र विचारलं तर मीही तेच म्हणेन, वर्गात मुलींना तेच शिकवेन. पण पेपर तपासताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना डोळे मिटलेला तो चेहरा समोर येतो आणि मी मोजणं विसरते. कदाचित ते मेले असते. कदाचित आत्ता स्टेशनपर्यंत चालून आले असते. दोन्हींपैकी काय, हे सांगणारी प्लेट कुठेच नाही.

परवा एक फोन आला. अनोळखी बाई, सटाण्याकडची. आमच्या डॉक्टरांनीच नंबर दिला होता. तिच्या नवऱ्याच्या मांडीच्या हाडात तसलाच जिवाणू होता. ती घाईघाईने सगळं सांगत होती, रडत नव्हती, रडण्याच्या पलीकडे गेलेली होती. शेवटी म्हणाली, "ताई, तुमनाजोडे काही दवा शे का?"

मी म्हटलं, "औषध नाही हो माझ्याकडे. औषध होईल असं काहीतरी शोधता येतं. वेळ लागतो. मिळेलच असं नाही, मिळालं तरी लगेच देता येत नाही."

ती म्हणाली, "पन शोधशात ना?"

आतल्या खोलीतून अण्णांनी रेडिओचा आवाज कमी केला. मी तिला लॅबमधून काय मागून घ्यायचं ते सावकाश समजावून सांगितलं, तिने माझ्यामागून म्हणून दाखवलं आणि दोन शब्द चुकले तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.