शेठचा श्रावण

गेल्या श्रावणात माझ्या आईने आमच्या माशाला शाकाहारी केलं.

मासा ऑस्कर जातीचा. काळं अंग, त्यावर विस्तवासारखे नारंगी डाग आणि जाड ओठ. घेतला तेव्हा काडेपेटीएवढा होता. दुकानदार म्हणाला, "साहेब, बस इतनाही रहेगा." वर्षभरात तो चपलेएवढा झाला (माझ्या चपलेएवढा. मी दहा नंबर घालतो!). मग चार फुटी टाकी आली, टाकीसाठी रेखाचं शिलाई मशीन पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेलं, आणि तेव्हापासून रेखा, म्हणजे माझी बायको, माझ्याशी मोजून बोलते.

मी सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंग मिसळतो. दमून घरी आलो की हा मासा काचेला तोंड लावून असा रोखून बघायचा, की वाटायचं आता विचारणार, 'एवढा उशीर का?' म्हणून त्याचं नाव शेठ.

शेठ हातातून खायचा. सकाळी दाणे, संध्याकाळी झिंगे. झिंगे म्हणजे कोळंबी. एक झिंगा पाण्यावर धरला की शेठ खालून तोफेच्या गोळ्यासारखा यायचा, आणि पुढच्या क्षणी झिंगा गायब, माझा शर्ट ओला. पुरुषाला घरात असं स्वागत दुसरं कोण करतं?

श्रावणाच्या आदल्या दिवशी आई शिरपूरहून आली. पाणी प्यायच्या आधी तिने फ्रिज उघडला.

"हाई काय शे?"

"झिंगे आहेत. शेठचे."

"कोनता शेठ?"

मी टाकीकडे बोट दाखवलं. आईने शेठकडे बघितलं. शेठने आईकडे बघितलं. दोघांनाही एकमेकांचा चेहरा आवडला नाही.

"उद्यापासून सावन शे. आपला घरमा हाई चालाव नही."

"आई, तो मासा आहे. माशाला कसला श्रावण?"

"घरमा ऱ्हास ना? मंग घरनं पाळाले पाहिजे."

आता मी काही ऐकून घेणारा माणूस नाही. मी ताडकन उठलो, छाती पुढे काढली आणि म्हणालो, "मासा माझा, टाकी माझी, झिंगे माझ्या पगाराचे. मी घालणार म्हणजे घालणार!"

"बरं. मी गावले निंघी जास," असं म्हणून आईने पिशवी उचलली.

पाच मिनिटांनी झिंगे भाऊ शेजारच्या इमारतीतल्या मांजरींना देऊन आला. (भाऊ म्हणजे मीच. आई मला भाऊ म्हणते.)

तरी दाणे होते. "हे दाणे आहेत आई, धान्यासारखे," मी डबा दाखवत म्हणालो. आमची पिंकी बारा वर्षांची. सुरतेत जन्मलेली असल्यामुळे ती भांडते मराठीत आणि चुगली गुजरातीत करते. तिने डबा फिरवून मागचा मजकूर वाचला आणि ओरडली, "पप्पा, आमां तो माछली छे!" दाण्यात सुकवलेल्या मासळीचा भुगा होता. दाणे गेले. त्या दिवशी कळलं, मुलांना फार शिकवू नये.

दुसऱ्या दिवसापासून आईने शेठचा खुराक हातात घेतला. भिजवलेले हिरवे वाटाणे, सोललेले, मीठ न लावलेले. आईने पहिला वाटाणा पाण्यात टाकला. शेठने तो तोंडात घेतला, क्षणभर विचार केला आणि इतक्या जोरात थुंकला की काचेवर 'टक' असा आवाज आला.

"घमेंड शे याले," आई म्हणाली.

"आई, त्याला आवडत नाही."

"भूक लागनी म्हंजे खाई. तुन्हा बापले बी मीच सरळ करेल शे!"

पुढचे चार दिवस आमच्या घरात टक, टक, टक एवढाच आवाज होता. काकडीचा तुकडा, टक. मऊ केलेली पालकाची काडी, टक. पाचव्या दिवशी सकाळी आवाज थांबला. जाऊन बघतो तर शेठ टाकीच्या तळाला एका कुशीवर आडवा!

रेखाने हातातली कणीक तशीच टाकली. पिंकी रडायला लागली. शेजारच्या कांताबेन "शुं थयुं, शुं थयुं" करत आल्या आणि टाकीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. आईचाही चेहरा उतरला. मी दुकानदाराला फोन लावला.

"आँख हिल रही है?" त्याने विचारलं.

मी वाकून बघितलं. शेठचा वरचा डोळा माझ्याकडे गर्रकन फिरला.

"हिल रही है."

"तो मरा नहीं है साहेब, नाटक कर रहा है. ऑस्कर रूठता है तो ऐसेही सो जाता है."

मासा रुसला होता! माझ्या घरात सगळ्यांना रुसता येतं, मला सोडून. पण त्या आडव्या शेठकडे बघून माझ्यातला मर्द जागा झाला. बिनहाताचा, बिनआवाजाचा हा जीव आईसमोर पाच दिवस टिकून राहतो, आणि मी पाच मिनिटांत पिशवीला घाबरतो? त्याच क्षणी मी बंड पुकारलं. (मनात.)

आई रोज सकाळी कांताबेनबरोबर महादेवाच्या देवळात जायची. तेवढी अर्ध्या तासाची फट. मी बाजारातून झिंगे आणून मिलमधल्या बर्फाच्या पेटीत ठेवायला लागलो आणि रोज चार झिंगे जेवणाच्या डब्यातून, बर्फात घालून घरी आणायला लागलो. आई जिना उतरली की झिंगे टाकीत. तळातले थुंकलेले वाटाणे जाळीने काढून खिडकीबाहेर. हात लिंबाने धुवायचे, उदबत्ती लावायची.

"मला यात ओढू नका," रेखा म्हणाली.

"मी कुणाला घाबरत नाही," मी कुजबुजलो.

शेठ दोन दिवसांत उभा राहिला. आई देवळातून आली तर टाकीत वाटाणे नाहीत आणि मासा गरगर फिरतोय.

"देख! वाटाणा खाईसन कसा टवटवीत व्हयना!"

इथपर्यंत ठीक होतं. पण आईने ते कांताबेनना सांगितलं, कांताबेननी तळमजल्याला सांगितलं, आणि आठवड्यात आख्ख्या सोसायटीत झालं की दुसऱ्या माळ्यावर मासा श्रावण पाळतो! "केटलो समजदार!" म्हणत बायका बघायला यायला लागल्या. कुणी काचेला कुंकू लावलं. एकीने शेठसमोर नारळ ठेवला. शेवटी आईने जाहीर केलं की तिसऱ्या सोमवारी ती सगळ्यांसमोर शेठला वाटाणा भरवणार.

माझी झोप उडाली. शेठ सगळ्यांसमोर टक करणार! मी त्या सोमवारी रजा टाकली आणि विचार केला की पोट गच्च असलं तर मासा आळसावेल, वाटाणा तोंडात धरून गप्प बसेल. सकाळी आई देवळात गेल्यावर चाराऐवजी नऊ झिंगे घातले. नववा शेठने माझ्यावर उपकार म्हणून गिळला.

अकरा वाजता पुढच्या खोलीत उपास धरलेल्या दहा-बारा बायका दाटीवाटीने बसल्या. आईने पदर खोचला, वाटाणा चिमटीत धरला. शेठ संथपणे वर आला. वाटाणा घेतला. तोंड मिटलं. टाळ्या!

मी भिंतीला टेकून सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात शेठचे गाल फुगले. मग त्याने वाटाणा थुंकला. वाटाण्यामागोमाग एक मिशीवालं झिंग्याचं डोकं. मग शेपटी. मग आणखी एक अख्खा झिंगा, जवळजवळ न वापरलेला! सगळं पाण्यात हेलकावत, काचेवरच्या कुंकवाच्या बोटापाशी येऊन थांबलं.

"झींगा छे!" पिंकी आनंदाने ओरडली.

कांताबेननी डोळ्यांवर पदर घेतला. एक बाई उठून गॅलरीत गेली. आईने हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि मला काय झालं माहीत नाही, माझ्या तोंडून आयुष्यातलं पहिलं बंड मोठ्याने बाहेर पडलं.

"हो! मीच घातले! रोज घातले! तो मासा आहे आई, पुजारी नाही! तुला गावी जायचं तर जा, मी स्टेशनवर सोडतो, पण याला झिंगे मिळणार!"

आई टाकीवर वाकली.

"इतला दिवस वाटाणा खादाच नही?"

"एकही नाही."

"उपाशी व्हता म्हनीसन आडवा पडना व्हता?"

मी मान हलवली. आईचा आवाज एकदम मऊ झाला. "मुका जीव शे. त्याले मी उपाशी मारं." मग तिने नाकाला पदर लावला आणि मला म्हणाली, "दे त्याले काय देवानं ते."

मी जिंकलो! सुरत शहरात, माझ्या घरात, साक्षीदारांसमोर जिंकलो! रेखासुद्धा हसली. मी विजयी वीरासारखा टाकीकडे निघालो.

"पन सावन मोडाव नही," मागून आई म्हणाली. "घरमा एक जीव उपास सोडस, त्याना उपास कोन्ही तरी धराले पाहिजे. तू धरशी. एक येळ जेवण, महिना सरस तोपर्यंत."

मी स्पष्ट नकार दिला. कुठल्याही परिस्थितीत माशाचा उपास करणार नाही, असं ठणकावून सांगितलं.

श्रावण संपला तेव्हा माझं वजन साडेतीन किलो उतरलं होतं. मिलमध्ये सगळे विचारायला लागले, "काय रे, डायटिंग करतोस काय?"

मी पँट वर ओढत ताठ मानेने सांगितलं, "नाही. घरात बंड केलं होतं."