शिऊनाथच्या अंगणातलं झाकण

शिऊनाथ खोटं बोलला, असं सुवा शहरातल्या त्याच्या गल्लीत कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. उभा जन्म बस चालवली माणसानं. कुणाची छत्री राहिली, कुणाचं पाकीट राहिलं, हा घरी नेऊन द्यायचा आणि वर चहालाही थांबायचा नाही. त्याची बायको सुभागी म्हणायची, "हरिश्चंद्र पदरात पडलाय माझ्या, पण एक ताट उचलून ठेवेल तर शपथ!"

तर झालं असं, की गल्लीतली ड्रेनेजची लाइन दुरुस्त व्हायची होती. जरा पाऊस झाला की मोऱ्यांतून घाण उलटी वर यायची, लोक पार वैतागले होते. आधी पाइपात कॅमेरा सोडून बघायचं, मग कामाला लागायचं, असं ठरलेलं. पण कॅमेरा सोडायला चेंबरच सापडेना. मुकादम तोमासी दारोदार विचारत शेवटी शिऊनाथकडे आला.

"काका, तुम्ही इथले सगळ्यात जुने. तुमच्या नि आसेनाथाबाईंच्या घरांच्या मधे कुठंतरी झाकण होतं म्हणतात. आठवतं का तुम्हाला?"

झाकण शिऊनाथच्या पायाखाली होतं. अगदी चपलेखाली! मुलीच्या लग्नात मांडव नीट उभा राहावा म्हणून त्यानं सगळ्या अंगणात काँक्रीट ओतून घेतलं होतं. शेजारपाजारची पोरं हौसेनं राबली, दिवसभर काँक्रीट आणि संध्याकाळी परातभर यांगोना, मुळी कुटून केलेलं ते गुंगीचं पेय. त्या घाईत झाकण बुजलं ते बुजलंच. असं झाकण बुजवायचं नसतं, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? आता अंगण फुटणार, दंड बसणार, आणि चारचौघांत शोभा होणार ती वेगळीच.

"नाही बुवा," तो म्हणाला. "असेल रस्त्याकडेला कुठंतरी."

तोमासीनं मान डोलावली. काकांचा शब्द, म्हणजे प्रश्नच मिटला. मग त्यानं शेजारच्या कुंपणापलीकडे पाहिलं. "मग नवीन चेंबर खणावं लागणार. लाइन त्या माडाखालून जाते. माड पाडायला लागेल."

तो माड आसेनाथाचा. तिच्या मुलाची, सेरूची, नाळ पुरून त्यावर लावलेला, त्यांच्यात, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांत, रीतच आहे तशी. सेरू आता सैन्यात, दूर कुठल्याशा वाळवंटात पहाऱ्यावर. रोज सकाळी अंगण झाडताना ती माडाला विचारायची, "जेवलास का रे?" गल्ली हसायची, की ही आणखी मोठ्यानं विचारायची.

संध्याकाळी ती कुंपणाशी आली. "शिऊभय्या, नीट आठव ना रे. झाकण सापडलं तर माझा माड वाचतोय."

शिऊनाथच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दुपारी नाही म्हटलेलं आता हो कसं म्हणायचं? "आठवत नाही गं ताई."

"तू म्हणतोस म्हणजे नसेलच," ती म्हणाली आणि गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

रात्री जेवण अर्धं टाकून तो उठला. सुभागी म्हणाली, "अहो, सांगून टाका. अंगणाचं काय घेऊन बसलात!"

"उद्या सकाळी सांगतो."

सकाळी उठून त्यानं दाढी केली. मग इस्त्रीचा शर्ट शोधत बसला. आता कबुली द्यायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो, सांगा बरं! गुंड्या लावतोय तोवर करवतीचा आवाज सुरू झाला. तो कुंपणाशी पोचला तेव्हा माड आडवा झाला होता, आणि आसेनाथा ओट्यावर तोंडाला पदर लावावा तसा हात लावून बसली होती. शिऊनाथ तसाच मागे फिरला.

रविवारी चर्चमधून ती सरळ त्याच्या दारात आली. हातात कोंब फुटलेला नारळ होता, त्याच माडाचा.

"सेरूचा फोन आला होता," ती म्हणाली. "माड गेल्याचं सांगितलं मी. तर म्हणाला, आई, नवं चेंबर कशाला? झाकण काकांच्या अंगणात आहे की. आम्हीच पोरांनी त्यावर काँक्रीट ओतलंय."

शिऊनाथ अंगणातल्या काँक्रीटकडे बघत राहिला.

"म्हणाला, काकांना काही बोलू नकोस. विसरले असतील." तिनं नारळ दुसऱ्या हातात घेतला. "विसरला होतास ना, भय्या?"

आताही हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. तिनंच वाट करून दिली होती.

"नाही," तो म्हणाला. "आठवत होतं मला. सगळं आठवत होतं."

आसेनाथानं नारळ त्याच्या हातात ठेवला. "मग हा तुझ्याकडे लाव. माझ्याकडे आता चेंबरचा खड्डा आहे." आणि ती मागे न बघता निघून गेली.

शिऊनाथ नारळ धरून उभा राहिला. दारापासून फाटकापर्यंत अंगणात कुठं बोटभर माती नव्हती. सुभागी आत गेली आणि पहार घेऊन आली.