डाव्या काखेतली शिवण

जुन्नरच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. पडदा ओढला की आत दोन बायका कशाबशा मावतात. हातात कला आहे आणि नाकावर राग आहे. रागाबद्दल गिऱ्हाइकं फार बोलत नाहीत, कारण ब्लाऊज अंगाला चोपून बसतं.

माझ्या थोरल्या जाऊबाई डिंभ्याला राहतात. माप द्यायला त्या कधीच आल्या नाहीत. आमच्याकडे बहुतेकींची रीतच ती. अंगाला बसणारं जुनं ब्लाऊज पिशवीत घालायचं आणि धाडायचं, याच मापाचं शिव म्हणून. पिशवी येते, पिशवी जाते, बाई काही येत नाही.

दोन दिवाळ्यांपूर्वी त्यांचं नवं ब्लाऊज परत आलं. निरोप होता, डाव्या काखेत काचतंय. मी थोडी शिवण उसवून धाडलं. संक्रांतीला पुन्हा तेच. आता मात्र मला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षं शिवतेय, आणि म्हणे माझी बाही काचते! तरी आणखी उसवलं, आणि जाऊबाई हल्ली लई सुटल्यात असा टोमणा नवऱ्यापाशी मारून घेतला. होळीला ती पिशवी तिसऱ्यांदा आली तेव्हा मी फोनच केला. म्हटलं, ब्लाऊज पुरे, आता तुम्हीच या, चूक कुणाची ते टेप सांगेल.

त्या लग्नाला निघाल्यासारख्या नटून आल्या. मी पडदा ओढला, हात वर करायला सांगितला. उजवी बाजू ठीक होती. डावीकडे टेप नेताना काखेजवळ बोटांना कठीण लागलं, आवळ्याएवढं. तिथली कातडीही आत ओढल्यासारखी दिसली. बाही काचत नव्हती, गाठ काचत होती, आणि मी दोनदा उसवून तिला जागा करून दिली होती.

"दुखत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "दुखलं असतं तर दाखवलं नसतं व्हय?"

मी शटर ओढलं आणि त्यांना घेऊन बाजारातल्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, दुखत नाही म्हणूनच बायका अंगावर काढतात. प्रत्येक गाठ वाईट नसते, पण ते घरबसल्या ठरवायचं नसतं, तज्ज्ञाला दाखवायचं. त्यांची चिठ्ठी घेऊन पुणं गाठलं. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईनं काढलेला तुकडा तपासायला गेला. रिपोर्टची वाट बघताना मी चार ब्लाऊज बिघडवली.

कॅन्सरच निघाला, पण पसरला नव्हता. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. जाऊबाई म्हणायच्या, बरं झालं, उवांचं टेन्शन मिटलं. त्या हसायच्या आणि मी मोरीत जाऊन रडून यायचे.

परवा त्या दुकानात आल्या. डोक्यावर बोटभर केस, हातात नवी साडी. पिशवीत जुनं ब्लाऊज नव्हतं. मी नव्यानं माप घेतलं, वहीत लिहिलं. तेवढ्यात त्यांनी माझ्या गळ्यातला टेप ओढून घेतला आणि विचारलं, तू स्वतःला कधी तपासलंस का. आख्ख्या बाजाराची मापं मी घेतली, पण दिव्याखाली अंधार.

"माझं झालं," त्या म्हणाल्या. "आता तू उभी ऱ्हा."

मी मुकाट्यानं पडदा ओढला आणि हात वर केला.