कोऱ्या कपाळाचा फोटो

आमच्या घरात पहिला पासपोर्ट माझा. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वर्षी सगळं गाव धाकट्या बहिणीच्या पासपोर्टबद्दल बोलत होतं आणि माझा कोणाला आठवतही नव्हता.

बी.एस्सी. झाले त्या वर्षी मी तो काढला. आमच्याकडे माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, पण शिकलेल्या माणसाकडे पासपोर्ट असावा असं मला वाटायचं. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात चौकशीला पोलीस आला तेव्हा शेजारीण आईला विचारून गेली, "काय केलं वं तुह्या पोरीनं?" आई ताठ मानेनं म्हणाली, "इमानात बसते ते आता."

पासपोर्ट आला तो आईनं देवाजवळ ठेवला. दसऱ्याला विळा, फावडं, बाबांची मोटरसायकल यांच्यासोबत त्याचीही पूजा व्हायची. फोटो काढताना मी टिकली काढून ठेवली होती, आणि आईला ते कोरं कपाळ बघवायचं नाही. दर दसऱ्याला ती ते पान उघडायची, बोटावर ओलं कुंकू घ्यायची आणि फोटोतल्या माझ्या कपाळाला लावायची. मी गोंदियात एका शाळेत शिकवायला लागले, शेजारच्या फुलचूरला राहायला गेले. पासपोर्ट गावीच देवाजवळ राहिला.

बहीण बारावीला दोनदा बसली आणि दोनदा उठली. हे तीच हसत सगळ्यांना सांगते, म्हणून लिहायला हरकत नाही. तिच्या नवऱ्याचं कृषी केंद्र आहे. धानाच्या बियाण्याच्या विक्रीचं टार्गेट त्यानं पूर्ण केलं आणि कंपनीनं नवरा-बायकोला थायलंडची सहल दिली.

"ताई, तिथं व्हिसाच लागत नाही म्हणते," ती फोनवर म्हणाली. "नवेगाव बांधले गेल्यावाणी जावाचं न् यावाचं."

नवेगाव बांध! आमच्या शाळेची सहल दरवर्षी जाते त्या तळ्याइतकंच हिला थायलंड!

नियमांचा कागद घेऊन मात्र ती माझ्याकडेच आली. व्हिसा नाही म्हणजे काहीच नको असं नसतं, हे मी तिला चांगलं ऐकवलं. पासपोर्टची मुदत अजून सहा महिने तरी उरलेली पाहिजे. परतीचं तिकीट पाहिजे, हॉटेलचा कागद पाहिजे, कोणी विचारलं तर दाखवायला जवळ पैसे पाहिजेत. ती मान डोलवत होती. तिच्यासोबत आलेले जवाईबापू म्हणाले, "ताई, ग्रुपमधी एक जागा खाली आहे. खर्च आपला आपण करावाचा. तुमी बी चला ना."

मी विचार करून सांगते म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी गावी जाऊन पासपोर्ट घेऊन आले.

गोंदियातल्या सहलीच्या एजंटानं फोटोचं पान उघडलं आणि नखानं खरवडलं.

"मॅडम, ये क्या लगा है?"

"कुंकू."

"पासपोर्ट की पूजा करते थे क्या?"

बाकावर बसलेले सगळे हसले. वर्षानुवर्षांच्या ओल्या बोटानं प्लास्टिक कडेला सुटलं होतं, रंग आत उतरला होता, समोरच्या पानावर लाल डाग पसरला होता. "एअरपोर्ट पे रोक लेंगे," तो म्हणाला. "नया बनवाना पडेगा. पर ये ग्रुप तो तब तक निकल जाएगा."

घरी मी सांगितलं, शाळेनं सुट्टी दिली नाही. कॉलेज शिकलेल्या बाईचा पासपोर्ट कुंकवानं बाद झाला हे कोणत्या तोंडानं सांगणार?

थायलंडला उतरण्याआधी प्रवेशाचं एक कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. तेही बहिणीनं माझ्याकडूनच भरून घेतलं. व्यवसायाच्या रकान्याशी थांबून मी तिच्याकडे पाहिलं. "लिही, दुकानाची मालकीण," ती म्हणाली. मी गृहिणी लिहिलं.

निघायच्या दिवशी दोघं आईच्या पाया पडायला गावी आली. मीही गेले होते. ऊन केव्हाच उतरलं होतं, तरी बहिणीच्या डोक्यावर नवा गॉगल. आईनं पाटावर तिचा पासपोर्ट ठेवला होता, शेजारी दिवा आणि वाटीत कालवलेलं कुंकू. तिनं फोटोचं पान उघडलं.

"लगन झालेल्या बाईचं कपाळ असं कोरं? तुह्या बहिणीचं पाहून तू बी टिकली काढली काय वं?"

आणि तिनं बोट वाटीत बुडवलं.

एकदा लावल्यानं कदाचित काही झालंही नसतं. किंवा ओला डाग बघून विमानतळावर बहिणीला बाजूला उभं केलं असतं, आणि जवाईबापू एकटे गेले असते. मी गप्प बसले असते तर मला कोणी बोल लावला नसता. मी त्या गॉगलकडे पाहिलं. मग आईच्या बोटाकडे.

"माय, थांब. त्याले लावू नको."

"काऊन? तुह्याले तं दरसाल लावते."

"म्हणूनच माहा खराब झाला. सुट्टी होती मले. पासपोर्ट चालला नाही."

बहीण हसेल असं वाटलं होतं. तिनं गॉगल काढून हातात घेतला. आई स्वतःच्या लाल बोटाकडे बघत राहिली.

"मंग येवढे दिवस कायले नाही सांगितलं?"

आईनं ते बोट बहिणीच्या कपाळाला लावलं आणि उरलेलं कुंकू माझ्या. मी तर कुठेच जात नव्हते.

ती सुखरूप गेली याचा मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही. तिकडून आलेला एकेक फोटो मी मोठा करून पाहिला, एखाद्यात तरी ती कंटाळलेली दिसेल म्हणून. नाही दिसली.

परत आल्यावर ती आधी फुलचूरला माझ्याकडे आली. मी कप विसळत होते. तिनं पासपोर्ट पुढे केला, मी तो तसाच घेतला आणि शिक्क्याचं पान शोधलं.

"तिरपा बसला आहे," मी म्हणाले.

"तू जाशीन तवा सरळ मारून घेजो," ती म्हणाली. "अन् दे इकडं. हात ओले आहेत तुहे."