बॅसीन नावाची दोन गावं

बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मी नर्सिंगला जाते म्हटलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, लंडनला जाते म्हटलं तेव्हाही. इल्फर्डला राहायला लागल्यापासून दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. त्यातही ते हवा कशी आहे आणि मी जेवले का, एवढंच विचारतात. त्यामुळे ऐंशी ओलांडल्यावर एका रविवारी ते म्हणाले, "बाय, तुझ्याकडे एक काम होतं," तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

आम्ही वसईचे, वाडीतले कॅथलिक. घरातली बोली आमची आमची, प्रार्थना मराठीत, आडनाव पोर्तुगीज. बाबा बोलले ते मी इथे साध्या मराठीत लिहितेय.

काम थोरल्या काकांचं होतं. म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं. बाबांनीही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. हे काका तरुणपणी मुंबईला गेले, तिथून बोटीच्या किचनमध्ये कामाला लागले आणि लंडनला पोचले. तिथून दोन पत्रं आली, मग काही नाही. गावाने ठरवलं की बोट बुडाली. पण पणजीने ते कधी मानलं नाही. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळी वाडी आपापल्या गेलेल्या माणसांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, अर्पण करते. पणजीने थोरल्याचं नाव त्यात कधी घालू दिलं नाही. त्याची माती कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला मेलेल्यांत धरायचं नाही, असं तिने घरात सांगून ठेवलं होतं. ती गेली, आजोबा गेले. तरी कुणाची ते मोडायची हिंमत झाली नाही.

"आता हिशेबाने तो नाहीच," बाबा म्हणाले. "पण मी गेल्यावर त्याच्यासाठी कोण मिस्सा सांगणार? तू तिथेच आहेस. बघ जरा."

मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, दोन वीकेंडचं काम. जुन्या जनगणना आता ऑनलाइन आहेत, नाव टाकायचं, माणूस मिळेल. पण आमचं आडनाव इथल्या कारकुनांनी कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं. मी वेगवेगळी स्पेलिंगं टाकून बघायचे आणि दरवेळी भलतेच लोक समोर यायचे, पोर्तुगालचे, मडेरा बेटाचे, एकदा तर ब्राझीलचा एक न्हावी.

मग जन्मगावाने शोधायला लागले. वसईला इंग्रज बॅसीन म्हणायचे. बॅसीनमध्ये जन्मलेला, वय जुळणारा, आडनाव बरंचसं आमच्यासारखं असलेला एक खलाशी मला कार्डिफमध्ये सापडला. मी त्याच्या मागे लागले. सुट्टी काढून कार्डिफला गेले, त्याचं घर होतं ती गल्ली पाहिली, जिथे आता गाड्या पार्क होतात. त्याच्या चार मुलांची नावं मला पाठ झाली. नवरा म्हणायचा, पेशंटपेक्षा जास्त काळजी तू या माणसाची घेतेस. आणि मग त्याचं खलाशी म्हणून नोंदणीचं कार्ड मिळालं, त्यावर लिहिलं होतं: बॅसीन, बर्मा. ब्रह्मदेशातही त्याच नावाचं एक बंदर होतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. कित्येक महिने मी दुसऱ्याच कुणाच्या तरी काकांना शोधत होते. सुदैवाने बाबांना अजून काही सांगितलं नव्हतं. पण तो कार्डिफवाला सोडताना मला खरंच वाईट वाटलं. इतक्या दिवसांत तो घरचाच झाला होता.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पूर्व लंडनमध्ये डॉक्सजवळ खलाशांसाठी लॉजिंग हाउस असायची. एकोणीसशे एकवीसच्या जनगणनेत अशाच एका लॉजिंग हाउसच्या पानावर बरेच गोव्याचे लोक होते, आणि त्यांच्यात एक नाव असं, की आडनाव वाचल्यावर कुणालाही तो इंग्रजच वाटावा. पण नाव आमच्या काकांचं. जन्मगावाच्या रकान्यात बॅसीन, आणि पुढे कुणीतरी जोडलेलं: मुंबईजवळ.

हेच का ते, हे मात्र त्यावरून ठरत नव्हतं. पुढची जनगणना तर आगीत जळून गेलेली. तेव्हा मी चर्चकडे वळले. आपला माणूस परक्या शहरात कुठेही राहिला तरी रविवारी मिस्साला कुठे जाईल, हे आमच्या घरातल्या कुणालाही सांगता येईल: सगळ्यात जवळच्या कॅथलिक चर्चमध्ये. त्या रस्त्यापासून सगळ्यात जवळचं चर्च अजून उभं होतं. तिथली पॅरिश सेक्रेटरी नायजेरियाची, फूड बँकेच्या खोक्यांमध्ये उभी राहून माझ्याशी बोलली. जुनी रजिस्टर धर्मप्रांताच्या अर्काइव्हमध्ये असतात, तिथे ईमेल टाका, म्हणाली. आणि हवं तर न्यूजलेटरमध्ये चार ओळी छापते, कुणी जुनं माणूस वाचेल. मी चार ओळी लिहून दिल्या.

काही आठवड्यांनी अर्काइव्हमधून लग्नाच्या एका नोंदीचा फोटो आला. नोंद लॅटिनमध्ये होती. मला त्यातलं फक्त काकांचं नाव कळलं. पण बाबा लहानपणी वेदीवर सेवा करायचे तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची, आणि त्यांच्या फादरांनी त्यांना नुसतं पाठ न करता अर्थही शिकवला होता. रविवारी मी तो फोटो त्यांच्या फोनवर पाठवला. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीन नाकाजवळ नेली आणि मोठ्याने वाचायला लागले. लॅटिन वाचताना त्यांचा आवाज बदलतो, शाळेतल्या मुलासारखा खणखणीत होतो.

"फिलियम म्हणजे मुलगा," ते म्हणाले. "अमक्याचा आणि अमकीचा." त्यांनी आजोबांच्या वडिलांचं नाव वाचलं. मग पुढचं नाव वाचायला गेले आणि थांबले.

मी विचारलं, "काय लिहिलंय, बाबा?"

"माझी आजी आहे ही," ते म्हणाले. "बाय, लंडनच्या चर्चमध्ये माझ्या आजीचं नाव आहे."

मग त्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि पुढे नवरीकडे आले. नवरी आयरिश आई-बापांची मुलगी होती. तेही आपलं गाव सोडून डॉक्सवर काम शोधत आलेले. बाबांनी तिचं नाव तीन वेगवेगळ्या प्रकारे उच्चारून पाहिलं आणि शेवटी सरळ 'काकी' म्हणायला लागले.

न्यूजलेटरमधल्या चार ओळी मी विसरून गेले होते. एका दुपारी वॉर्डमधून बाहेर पडताना फोन वाजला. एक बाई बोलत होत्या, आवाज म्हातारा, बोलणं अस्सल पूर्व लंडनचं. मैत्रिणीने मिस्सानंतर त्यांना तो कागद आणून दिला होता. तुम्ही छापलेलं नाव माझ्या आजोबांचं आहे, त्या म्हणाल्या. माझ्या आईच्या वडिलांचं.

त्या हॉर्नचर्चला राहतात, माझ्या घरापासून ट्रेनने फार लांब नाही. पुढच्या शनिवारी मी केक घेऊन गेले. दार उघडलं तर समोर गोरीपान, निळ्या डोळ्यांची, पंचाहत्तरीची बाई. मी चेहऱ्यात आमचं काहीतरी शोधत राहिले. काही मिळालं नाही. मग त्या किटली ठेवायला वळल्या आणि एक हात कमरेवर ठेवून, डोकं जरासं तिरकं करून उभ्या राहिल्या. बाबा बागेत मजुरांशी बोलताना अगदी तसेच उभे राहतात.

त्यांचे आजोबा त्यांच्याच घरात खालच्या खोलीत राहायचे. लग्नानंतर त्यांनी बोट सोडली आणि साखरेच्या कारखान्यात लागले. घरी आले की कपड्यांना काकवीचा वास यायचा, आणि नातवंडं त्यांच्या कोटाला नाक लावायची. कमी बोलायचे. स्वयंपाक मात्र तेच करायचे. आजीने चूल पेटवलेली त्यांना आवडायची नाही.

"एक गोष्ट मात्र विचित्र होती," त्या म्हणाल्या. "आम्ही मुली शाळेतून घरात शिरलो की ते आम्हाला 'बाय' म्हणायचे. आत आलेल्या माणसाला बाय! आम्हाला वाटायचं, बिचाऱ्यांना इंग्लिश येत नाही. आम्ही पण आत येताना त्यांना बाय म्हणायचो, त्यांना बरं वाटावं म्हणून."

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे मुलीला बाय म्हणतात. लाडाने, मानाने, कसंही. बाबा मला अजून तेच म्हणतात. बाईंनी हातातला कप बशीत ठेवला. एवढी वर्षं ते आम्हाला हाक मारत होते तर, त्या म्हणाल्या, आणि रुमाल शोधायला उठल्या.

मग मी तो प्रश्न विचारला, जो पणजीपासून सगळ्यांच्या पोटात होता. पत्रं का थांबली? त्यांना त्याचं उत्तर माहीत होतं. आजोबांना लिहिता येत नव्हतं. पहिली पत्रं लॉजिंग हाउसमधल्या एका गोवेकर मित्राने लिहून दिली होती, पत्त्यात मुंबईचं नाव घालून. तो मित्र बोटीवर गेला आणि परत आला नाही. मग लग्न झाल्यावर बायकोने इंग्लिशमध्ये लिहिलं, सासूबाईंना, सून म्हणून. आजोबांनी तोंडाने सांगितला तेवढाच पत्ता तिने वर घातला: घराण्याचं नाव, बॅसीन, इंडिया. ते पत्र किती तरी महिन्यांनी परत आलं. अशी माणसं इथे राहत नाहीत, असा शेरा होता. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. त्यावर रंगूनचा शिक्का होता, हे बाईंच्या आईला लहानपणचं आठवत होतं, कारण ते सुंदर नाव तिने तिच्या बाहुलीला ठेवलं होतं.

मला पुढचं ऐकावंसं वाटेना. त्या काळी ब्रह्मदेश इंडियातच धरला जायचा. टपाल खात्याने बॅसीन वाचलं आणि पत्र ब्रह्मदेशातल्या मोठ्या बंदराकडे धाडलं. मी स्वतः त्याच फाट्यावर चुकले होते.

"त्यांना काय वाटलं मग?" मी विचारलं.

"नॅन, म्हणजे माझी आजी, म्हणायची, त्यांना वाटलं, परक्या मुलीशी लग्न केलं म्हणून आईने ओळख नाकारली. त्यानंतर त्यांनी लिहू दिलं नाही."

त्याच आठवड्यात आम्ही दोघी कबरस्तानात गेलो. काका बायकोच्या आई-बापांच्या कबरीत आहेत, आयरिश नावांच्या खाली त्यांचं इंग्रज झालेलं नाव. बाजूला गवत वाढलं होतं, ते बाईंनी पिशवीतून कात्री काढून कापलं. मी फोन लावला आणि कॅमेरा दगडाकडे धरला. बाबांना मी पत्रांचंही सगळं सांगितलं, लपवलं नाही.

"म्हणजे ती इकडे त्याची वाट बघत होती," ते हळू म्हणाले, "आणि तो तिकडे समजत होता की ती रागावलीय."

"हो."

"आता वर भेटून बोलले असतील. माती पाहिलीस ना तू? हात लावून बघ."

मी वाकून हात लावला. माती गार आणि चिकट होती, आमच्या बागेतल्या मातीसारखी मुळीच नाही. बाबांनी तिकडून प्रार्थना सुरू केली. ते आमच्या मराठीत आणि बाई त्यांच्या इंग्लिशमध्ये, पण दोघं थांबत एकाच ठिकाणी होते, त्यामुळे नीट जमलं. नोव्हेंबरात वाडीतल्या चर्चमध्ये थोरल्या काकांचं नाव पहिल्यांदा वाचलं गेलं. त्याआधी बाबांनी फादरांना काकींचंही नाव घालायला लावलं, आणि त्याचा उच्चार दोनदा जाऊन ऐकवला होता.

आता रविवारचा कॉल मी हॉर्नचर्चहून करते. नात्याने बाबा बाईंचे मामा लागतात, हे मी समजावल्यापासून त्या त्यांना मामा म्हणतात, आणि इथे मामा म्हणजे आई, म्हणून त्यांची नातवंडं हसतात. मी त्यांना ताई म्हणते. बाबांना इंग्लिश फारसं येत नाही, ताईंना मराठी अजिबात नाही, तरी मी किचनमध्ये गेले की त्यांचं काहीतरी चाललेलं असतं. बहुधा हवेबद्दल.

येत्या जानेवारीत ताई माझ्याबरोबर वसईला येणार आहेत. इंजेक्शनं झाली, डासांचं मलम घेतलं. तिकडे बाबांनी न्हाणीघर फोडून कमोड बसवून घेतलाय. आईचं म्हणणं, ऐंशी ओलांडली तरी आमचे गुडघे यांना दिसले नाहीत आणि भाची येतेय म्हटल्यावर एका आठवड्यात गवंडी आला. बाबा ते मनावर घेत नाहीत. परवा त्यांनी मला मुद्दाम आठवड्याच्या मधेच फोन केला. भाची सकाळी काय खाते ते नीट विचारून घे, म्हणाले, ऐनवेळी धावपळ नको. मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, टोस्ट. बाबांना ते काही पटलेलं नाही.