दोन बाकांची बोट

इंजिन उघडून पुन्हा जोडलं की टेबलावर एक-दोन नट उरतातच. इंजिन तरी चालते. ते नट आपण डब्यात टाकतो, अन् चाळीस वर्षांत डबा भरून जाते. माह्या बोटीचे किस्से असेच जमा झाले. कोणी म्हणते, "मिस्त्री, तो ड्रमवाला सांगा ना!" कोणाले लाइटवाला पायजे. सांगतो बाप्पा. मले तरी दुसरं काय काम हाय?

पुसदच्या बसस्टँडमागं माहं पंप-मोटर दुरुस्तीचं दुकान. दुकानासमोर एक बाकडं, अन् त्यावर दोघं जण कायमचे. एक रामधनभाऊ, तांड्यावरचा, बैल पारखण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. दुसरे वानखडे सर, तीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेले. माहं सारं जग एवढंच.

बायको गेली अन् घर मले खायले उठलं. एकुलती लेक मीना, तिले मालवणकडे देली. पहिले ती माहेरी आली की तिची माय तिले दारातच थांबवे, भाकरीचा तुकडा अंगावरून ओवाळून टाके, मगच अंदर घे. माय गेल्यापासून पोरगी आलीच नाही. कोणाकडे येईन? मी दिवसभर दुकानात, अन् घरी आलो तरी बोलणारं कोण?

ती रोज फोन करे, "बाबा, इकडंच राह्यले या." पण आमच्या घरात लेकीच्या घरी मुक्काम करत नाहीत. माह्या बापानं केला नाही. आज्यानं तर तिथं पाणीही पेलं नाही! म्हणून मी सकाळच्या गाडीनं उतरे अन् त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत निघे.

एकदा मीना भडकली. "दिवस-रात्र गाडीत बसून येता अन् माह्या घरी थांबता किती, तर तीन तास! मी का दवाखान्यात भरती हाय, भेटून जायले?"

गाडीले टाइम होता म्हणून जेटीवर गेलो. तिथं एक लहानशी बोट उभी होती. समोर एवढुशी खोली, मागं इंजिन लटकवलेलं, अन् खोलीतून माणसाचे दोन पाय बाहेर. गडी मस्त झोपला होता! मी पाह्यतच राह्यलो. हा माणूस गावात झोपला हाय, पण कोणाच्याच घरात नाही!

बाकड्यावर येऊन सांगतलं, तर रामधनभाऊ म्हणे, "लेका, मंग हॉटेलात रहा ना!"

"लेकीच्या गावात हॉटेलात? लोकं जावयाले काय म्हणतीन?"

"अन् बोटीत राह्यला तर काय म्हणतीन?"

"म्हणतीन, सासरा शौकीन हाय."

* * *

आधी इंजिन शिकायचं, मग बोट घ्यायची, हा माहा कायदा. ओळखीच्या भंगारवाल्याकडून पंधरा एचपीचं एक बंद पडलेलं बोटीचं इंजिन मागवलं. दुकानात सारं उघडलं. खारं पाणी लोखंडाचं काय करते ते तेव्हा समजलं! तेव्हाच ठरवलं, आपली बोट घेतली की दर फेरीनंतर इंजिनात गोडं पाणी फिरवायचं, आळस करायचा नाही.

चालू कुठं करायचं? पुसदले समुद्र कोण देईन? दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरलं, मजबूत घोडीवर इंजिन टांगलं, बोट ढकलणारा पंखा काढला अन् दोरी ओढली. धडधड सुरू! बसस्टँडवरची अर्धी पब्लिक दुकानासमोर. बोटीचं इंजिन थंड राह्यण्यासाठी स्वतःच पाणी ओढते, अन् त्याची एक बारीक धार मागून पडत राह्यते. ती पडली म्हणजे इंजिन सलामत. माही धार पडली! मी खुशीनं नाचायचाच बाकी होतो.

एक काका गर्दीतून पुढं आले, धारेखाली हात धरला अन् म्हणे, "मिस्त्री, पंधरा एचपी अन् एवढंच पाणी? माही तीनची मोटर अख्खं वावर भिजवते. वापस करा हे!"

मी म्हटलं, "काका, हे पाण्यासाठी नाही, पाण्यावर जायसाठी हाय."

"मंग तर बिलकूलच वापस करा!"

* * *

आमच्याकडं जनावर घ्यायले माणूस एकटा जात नाही. म्हणून बोट पाह्यले आम्ही तिघं गेलो. बोट खाडीत होती. पोचलो तर काय, खाडीत पाणीच नाही! सगळ्या बोटी चिखलात आडव्या.

रामधनभाऊ म्हणे, "इकडं बी दुष्काळ हाय का काय?"

वानखडे सरांनी घड्याळ पाह्यलं. "ओहोटी आहे. आता पुरी उतरली. सहा तास थांबा, पाणी येईल."

बोटवाल्यानं त्यांच्याकडं चमकून पाह्यलं. "सर इकडचेच का तुम्ही?"

कुठचे इकडचे! त्यांनी जिंदगीत पहिल्यांदा समुद्र पाह्यला होता, अन् तोही नेमका नसताना. आम्ही दगडावर बसून राह्यलो. पाणी आधी पट्टीसारखं आलं, मग बोटींच्या खाली शिरलं, मग एकेक बोट सरळ होऊन उभी राह्यली. सरांनी चपला काढल्या अन् गुडघाभर पाण्यात जाऊन उभे झाले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"काय झालं सर?"

"काही नाही रे. पोरांले मी तीस वर्षं बरोबर शिकवलं."

* * *

बोटवाल्यानं पहिली बोट काठाशी उथळ पाण्यात आणली. दिसायले लय झकास होती. पांढरी-निळी, नवा रंग, इंजिन नव्वद एचपीचं! मी इंजिनाच्या मागं, अन् रामधनभाऊ बोटीच्या भोवती फिरून राह्यला. मधातच वाकला, कान लावला, बोटाच्या पेरानं ठोकलं. टक, टक, टक. बैलाच्या बरगड्या ठोकतात तसं. एका जागी आवाज बदलला. तिथं पुन्हा ठोकलं.

"हिचं पोट खराब हाय," तो म्हणे.

बोटवाला हसला. "काका, ही फायबरची आहे. म्हैस नाही."

"म्हैस असती तर एवढा रंग लावला नसता."

मी पान्याची मूठ घेऊन तिथं ठोकलं. मलेही भद्द आवाज आला. फायबरच्या अंदर लाकूड घातलेलं असते, ते पाणी पिऊन कुजलं होतं! बोटवाल्याचं तोंड उतरलं. त्यानं सांगतलं की बोटी तपासणारे साहेब लोकंही असंच ठोकून पाह्यतात. तेव्हापासून रामधनभाऊ तांड्यावर सांगत फिरते की त्यानं समुद्रातलं जनावर पारखलं!

* * *

दुसरी बोट अठरा फुटी, खाली इंग्रजी व्ही सारखा आकार, म्हणजे लाट कापते, आपटत नाही. इंजिन चाळीसचं, चार स्ट्रोक, आवाज कमी. मी अंदर हात घातला अन् समजलं, कोणीतरी जिवापाड सांभाळलं हाय.

केबिनमध्ये उभं राह्यता येत नाही, नुसतं बसायचं. दोन बाजूले दोन बाक, पाय पुढं एकमेकांले भिडतात. बोटवाला म्हणे, "काका, झोपणारे किती?"

"दोन," मी म्हटलं.

रामधनभाऊनं खाली पाह्यलं. सर पाण्याकडं पाह्यले लागले. छत्तीस वर्षांची सवय बापा, तोंडातून निघून गेलं!

बोटवाल्यानं आमचे चेहरे पाह्यले, पण त्याले काय माहीत! तो म्हणे, "दोघं येणार नसाल तर एक बाक काढून टाकू, सामानाला जागा होईल."

"राहू दे," मी म्हटलं. "दोनच राहू दे."

हीच बोट घेतली.

* * *

दुकान भाड्यानं देलं अन् मी मीनाच्या गावच्या खाडीत राह्यले गेलो. विहिरीत उतरून पंपाच्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह काढणारा माणूस मी, पोहण्याची भीती नव्हती. सरकारी नोंदणी केली, लाइफजॅकेट घेतलं, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन मासे पाहून परत येऊ लागलो.

मीना रोज डबा घेऊन जेटीवर येई. "बाबा, डबा तर माह्याच घरचा हाय. तो कसा चालते तुमाले?"

"मी तो बोटीत खातो."

"धन्य हाय तुमची!"

खरं सांगू का, बोटीतही मी एकटाच होतो. फरक एवढाच की पुसदचं घर हलत नव्हतं अन् हे हलते. समोरच्या बाकावर मी पान्यांची पेटी ठेवून देली, रिकामा बाक पाह्यवत नव्हता म्हणून. रामधनभाऊचा फोन येई. बोअर मारणाऱ्याले विचारावं तसा विचारे, "काय मिस्त्री, पाणी लागलं का?"

मी म्हणे, "पाणी लय हाय भाऊ. बाकडं नाही."

* * *

पावसाळ्यात लहान बोटी बाहेर काढतात, हे मले कोणी सांगतलंच नव्हतं! चाकाच्या ट्रॉलीवर बोट चढवली. आता ठेवायची कुठं? साऱ्या गावात रिकामी जागा एकच, मीनाच्या आंगणातलं टिनाचं शेड.

जावईबापू कॉलेजात शिकवतात, लय सभ्य माणूस. म्हणाले, "बाबा, आता तरी आत या."

"माही बोट हाय ना," मी म्हटलं, अन् शिडी लावून वर चढलो. पाणी नाही, समुद्र नाही, अन् मी आंगणात बोटीत! शेजारची लेकरं रोज विचारत, "आजोबा, निघाली का बोट?" मीना दोन दिवस रागात. जेवण शिडीच्या पायरीवर ठेवे अन् जाय.

जावईबापूंनी विचारलं, "निदान घरातून वायर ओढून देऊ का? अंधारात बसता."

आता हा मोठा पेच! लेकीच्या घरची लाइट घ्यावी का नाही? माह्या बापाच्या टाइमले असा प्रश्नच नव्हता. मी रामधनभाऊले फोन लावला. तो म्हणे, "थांब, विचारतो." मग तांड्यावरच्या म्हाताऱ्यांले विचारून त्यानं निकाल देला.

"लाइट चालते. पंखा नाही!"

* * *

मग श्रावण लागला. एका दुपारी मी केबिनमध्ये पडलो होतो. बाहेर मीनाचा आवाज आला, "बाबा, वर येऊ का?"

डोकं बाहेर काढून पाह्यलं. मीना खाली उभी, चांगली साडी नेसलेली, केसात गजरा. मागं जावईबापू, हातात तिची बॅग.

मी म्हटलं, "काय झालं वो? भांडण झालं का?"

"काही झालं नाही," ती म्हणे. "आई गेल्यापासून मी माहेरी आलीच नाही. चार दिवस राह्यले आली."

मी जावईबापूंकडं पाह्यलं. त्यांनी बॅग शिडीशी ठेवली, मले वाकून नमस्कार केला अन् म्हणाले, "सोमवारी न्यायला येतो, बाबा." मग वळले, बारा पावलं चालून आपल्या घरात गेले अन् दार लोटून घेतलं.

मी समोरच्या बाकावरची पान्यांची पेटी उचलून खाली ठेवली. ती शिडी चढू लागली.

"थांब!" मी ओरडलो. "तिथंच थांब."

भाकर काही नव्हती. सकाळी तिच्याच घरून आलेली पोळी होती डब्यात. तिचा तुकडा तोडला, तिच्या अंगावरून तीनदा ओवाळला अन् दूर आंगणात फेकला.

"हं. ये आता माय, घरात ये."