अनुपमाची शहात्तरची सनद

बेळगावच्या कोर्टात सात वर्षं वकिली केलेली बाई लग्न करून भांडुपला आली आणि दिराची बॅग उचलायला लागली. आहे की नाही गंमत!

दीर म्हणजे विद्याधर. मुलुंडच्या कोर्टात ऐंशी सालापासून वकिली करणारा, मनाने वाईट नव्हे, पण स्वतःच्या अकलेवर जरा जास्तच खूश. त्र्याऐंशीत अनुपमा घरात आली तेव्हा त्याने परस्पर निकालच देऊन टाकला. वहिनींची सनद कर्नाटकच्या बार कौन्सिलची, ती इथे चालायची नाही, महाराष्ट्राची नव्याने काढायची. तोवर त्यांनी माझ्या हाताखाली यावं.

म्हणजे सात वर्षं पाण्यात. कोर्टाच्या बाररूममध्ये वकिलांची यादी सनदेच्या तारखेप्रमाणे लावलेली, आणि पंख्याखालच्या चार खुर्च्यासुद्धा त्याच क्रमाने. चौथी खुर्ची विद्याधरला नुकतीच मिळाली होती. नवी सनद काढली तर अनुपमा परवा पास झालेल्या पोरांच्याही मागे, दारापाशी. खुर्चीचं तिला काही नव्हतं हो, पण भर कोर्टात उभं राहून कमावलेली वर्षं कुणी फुंकर मारून उडवावीत, याचा तिला सणसणून राग आला होता. नवी नवरी म्हणून गप्प बसली इतकंच. केसेसचे युक्तिवाद ती लिहून द्यायची, विद्याधर ते कोर्टात ठोकून यायचा आणि घरी येऊन कॉलर ताठ करायचा.

एका रविवारी ती नवा फॉर्म भरायला बसली. तिच्या सासूबाई सोनूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. हे कसले कागद, म्हणून त्यांनी विचारलं. अनुपमाने सगळं सांगितलं. सोनूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"गो, आमी मालवणसून इलंव तेव्हा थंयच्या रेशनकार्डावरचा नाव काढून हयच्या कार्डार घातला. म्हणान माझा वय काय परत एकापासून मोजला?"

अनुपमा तशीच उठली आणि ट्रंकेतून वकिलांच्या कायद्याचं पुस्तक काढलं. कलम होतंच की! एका राज्याच्या यादीतलं नाव दुसऱ्या राज्याच्या यादीत नेता येतं, फीसुद्धा नाही, आणि ज्येष्ठता जशीच्या तशी. वकील असून आपण दिराच्या शब्दावर विसंबलो, याची तिला चांगलीच लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अर्ज गेला. अनुपमाविरुद्ध एकही तक्रार नाही, असा दाखला बंगलोरहून मागवला. मग पाच महिने चिडीचूप. जेवताना विद्याधर मुद्दाम विचारायचा, काय वहिनी, दिल्ली काय म्हणते? ती त्याला आमटी वाढायची.

आलं एकदाचं पत्र. बाररूमचा शिपाई धाकू नवी यादी भिंतीवर डकवून गेला. चौथं नाव अनुपमाचं, पुढे साल १९७६. पाचवा विद्याधर. त्याने यादी दोनदा वाचली, मग मुकाट्याने आपल्या फायली उचलून एक खुर्ची पलीकडे सरकला. अनुपमा पंख्याखाली बसली.

"वहिनी, तिकडे तुम्ही स्वतः केसेस चालवायचात?"

"सात वर्षं. तुम्ही कधी विचारलंत, भावोजी?"

विद्याधरने फायलींचा गठ्ठा चाळला. मग दुपारच्या केसची फाईल त्याने तिच्यापुढे सरकवली. हा युक्तिवाद तुम्हीच करा, म्हणाला, वाचायला तासभर आहे.

फाईल न उघडता अनुपमाने गळ्याचा पांढरा बँड नीट केला.

"वाचायचं काय त्यात? मीच लिहिलाय."